पागा : एका शब्दाचा अर्थविचार

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर कोणासही ‘हुजूरपागा कोठे?’ असे विचारले, तर तो मुलींच्या शाळेकडे बोट दाखवील. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या पुढाकाराने महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटीने १८८४ मध्ये मुलींची जी शाळा काढली, ती पुढे पेशव्यांच्या हुजूर पागेच्या जागेवर स्थिरावली आणि जागेचे नाव शाळेस चिकटले. शाळेचे लिहिण्यातले नाव निराळे असले तरी बोलण्यात ‘हुजूरपागा’ हेच राहिले. शब्दाच्या नशिबी असे परिवर्तन क्वचितच येते. ज्या शब्दाभोवती एकेकाळी वैरण, चंदी, तोबरा, खरारा आणि आगाडी-पिछाडी यांचा संसार होता, त्याच शब्दाभोवती आता पाटी-दप्तराचा संसार आहे.

परंतु या परिवर्तनामुळे एक हानीही झाली आहे. शब्द ओळखीचा राहिल्याने त्याचा अर्थही आपणास ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. पागा म्हणजे घोडे बांधण्याची जागा, तबेला, एवढ्यावर आपले समाधान होते. इंग्रजीत लिहिण्याचा प्रसंग आला की कोणी त्यास ‘स्टेबल’ म्हणतो, कोणी ‘स्टड’. एकाने तबेला सांगितला, दुसऱ्याने घोड्यांच्या पैदाशीचे ठिकाण. आपल्यापैकी ज्यांचा नोकरीनिमित्त तमिळ मुलखात मुक्काम आहे आणि ज्यांस तंजावरच्या मराठी राज्याचे मोडी कागद, जुनी गॅझेटियरे अथवा बखरींचे अनुवाद चाळण्याचा नाद आहे, त्यांस हे दोन्ही प्रतिशब्द वारंवार भेटतात. माझ्या मते हे दोन्ही अपुरे आहेत. त्या अपुरेपणात केवळ एका शब्दाचा गोंधळ नसून मराठी राज्यव्यवस्थेविषयीचे एक अज्ञान दडलेले आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. पागा हा फारसी ‘पायगाह’ या शब्दाचा मराठी अवतार होय. ‘पाय’ म्हणजे पाऊल आणि ‘गाह’ म्हणजे स्थान. जेथे पाऊल टेकते, जेथे पाय रोवला जातो, ते पायगाह. ‘पायगाह’ची ‘पागा’ कशी झाली असावी, अशी शंका घेणाऱ्याने ‘जागा’ हा आपला रोजचा शब्द पाहावा. तोही फारसी ‘जायगाह’पासूनच आला आहे. मधला ‘य’ गळला, शेवटचा ‘ह’ विरला, आणि ‘जायगाह’ची ‘जागा’ झाली. त्याच वाटेने ‘पायगाह’ची ‘पागा’ झाली. ‘दरगाह’चा दर्गा आणि ‘ईदगाह’चा ईदगा हे याच कुळातले. एकाच भाषेत एकाच प्रकारचे शब्द एकाच रीतीने बदलावेत, ह्याहून व्युत्पत्तीस बळकट पुरावा तो कोणता?

तरीही आपल्याकडे प्रत्येक शब्दाचे मूळ संस्कृतातच शोधण्याची एक हौस आहे. त्या हौसेपोटी कोणी ‘प्रग्रह’ म्हणजे लगाम अथवा दोरी या शब्दाकडे बोट दाखवील. प्राकृतातून ‘पग्गह’ आणि पुढे ‘पागा’ अशी शिडी उभी करता येते आणि दोरीचा घोड्याशी संबंधही उघड आहे. पण शिडी उभी राहते म्हणून ती कोठे टेकली आहे हे पाहावयाचे नाही, असे नव्हे. पागेभोवतीचा शब्दपरिवार पाहा : हुजूर पागा, खास पागा, पागनीस, बारगीर, नालबंद, मोतद्दार. यांत फारसी-अरबी घटकांचीच दाटी आहे. ज्या कारभारातून हा परिवार आला त्याच कारभारातून त्याचा यजमानही आला, हे मान्य करण्यात मराठीचा काही कमीपणा नाही. पागोटे, पागोळी आणि मासे पागणे हे शब्दही पागेजवळ ठेवून पाहण्याचा मोह होतो. परंतु पागोट्याचा संबंध डोक्याशी, पागोळीचा वळचणीशी आणि पागण्याचा जाळ्याशी. ध्वनी जुळला म्हणून नाते जुळत नाही.

एक गंमत मात्र खरी आहे. फारसी ‘पाय’ आणि मराठी ‘पाय’ हे एकाच आर्य मूळाचे, संस्कृत ‘पाद’ शब्दाचे सगोत्र आहेत. त्यामुळे हा परका शब्द मराठी कानास परका वाटला नाही. पण त्याच ‘पाय’पासून आपण पायी चालणाऱ्या फौजेस पायदळ म्हटले आणि घोड्यावर चालणाऱ्या फौजेच्या ठाण्यास पागा म्हटले. एकाच अवयवाने दोन परस्परविरुद्ध दलांस नावे दिली!

आता फारसीतील अर्थविस्तार ध्यानी घेतला पाहिजे. पायगाह म्हणजे पाऊल ठेवण्याची जागा, म्हणून माणसाचे स्थान, दर्जा, पदवी. म्हणून घोड्यांचे ठाणे. आणि आजच्या इराणात लष्करी तळ. विमानदळाच्या तळासही तेथे पायगाह हाच शब्द आहे. अर्थाच्या या शाखांतून एक सूत्र स्पष्ट होते. शब्दाचा भर जनावरावर नाही, ठाण मांडण्यावर आहे. निजामाच्या हैदराबादेत तर या शब्दाने मोठीच उडी घेतली. तेथील अव्वल दर्जाचे अमीर घराणे ‘पायगा’ म्हणून ओळखले जाई. निजामासाठी फौज बाळगावयाची व त्या खर्चासाठी मुलूख उपभोगावयाचा, ही त्यामागील व्यवस्था. हैदराबादच्या पायगा घराण्याच्या कबरी पाहणाऱ्या प्रवाशास त्या नावात घोड्यांचे ठाणे दडले आहे याची कल्पनाही येत नाही.

युरोपातील शब्द पाहिले म्हणजे हे सूत्र अधिकच उजळते. इंग्रजी ‘स्टेबल’चे मूळ लॅटिन ‘स्टाबुलुम्’ आणि त्याचे मूळ उभे राहणे या अर्थाच्या धातूत आहे. हाच लॅटिन शब्द ग्रीकांमार्फत अरबीत ‘इस्तबल’ झाला आणि हिंदीत ‘अस्तबल’ होऊन आला. घोड्यांच्या पैदाशीचे ठिकाण या अर्थाचा इंग्रजी ‘स्टड’ही त्याच उभे राहण्याच्या कुळातला. त्याचा जर्मन भाऊ ‘श्टुटगार्ट’ या नगराच्या नावात आजही जिवंत आहे. दहाव्या शतकात तेथे घोड्यांचे कुरण होते असे सांगतात, आणि नगराच्या चिन्हावर घोडा आहे. या सर्वांच्या मुळाशी जो धातू आहे तो आपला ‘स्था’ होय. म्हणजे युरोपाने घोड्याच्या जागेस ‘स्थान’ म्हटले, इराणने ‘पाऊलठाण’ म्हटले. फ्रेंचांचा ‘हरा’ हा शब्द मात्र वेगळा. तो निखळ पैदाशीच्या ठिकाणाचाच वाचक आहे. पण त्याच्या उगमाविषयी पंडितांचे अद्यापि एकमत नाही. कोणी त्यास उत्तरेकडील नॉर्स भाषेशी जोडतात, कोणी अरबी ‘फरस’ म्हणजे घोडा या शब्दाशी.

आपल्या संस्कृतात अमरकोशकाराने वाजिशालेस मंदुरा हा पर्याय दिला आहे. काव्यात तो शोभला, व्यवहारात उतरला नाही. तमिळ, कन्नड आणि तेलुगु या भाषांत घोड्यांच्या जागेस ‘लाय’ अथवा ‘लायम्’ असा शब्द आहे आणि त्याचा संबंध संस्कृत ‘आलय’ शब्दाशी जोडला जातो. येथेही पुन्हा स्थानच! जातिवंत शिंगरू पैदा करणे ही गोष्ट यांपैकी बहुतेक शब्दांच्या मुळात नाही. पैदाशीचा अर्थ जेथे आला तेथे तो व्यवस्थेच्या मागून आला.

मग मराठी पागेत काय होते? याचे उत्तर देणारा एक प्रमुख ग्रंथ तमिळ मुलखातच लिहिला गेला, ही चेन्नईकर मराठी वाचकास अभिमानाची गोष्ट वाटावी. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजी येथे सिद्ध केली. तीत शिवाजी महाराजांच्या घोडदळाची जी रचना आली आहे ती पागेच्या अर्थाचे खरे भाष्य होय. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि सर्वांवर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे पाणी पुरविणारा एक पखाली आणि एक नालबंद. परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. सभासद सांगतो की महाराजांनी पागा बळकट केली आणि शिलेदारांस पागेच्या ताब्यात ठेविले, ते अशासाठी की कोणास बंड करण्याचे सामर्थ्य राहू नये.

हे वाक्य लक्षपूर्वक वाचले पाहिजे. शिलेदार तो, जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येतो. बारगीर तो, ज्यास घोडा सरकारातून मिळतो. शिलेदाराचा घोडा मेला तर तोटा शिलेदाराचा. म्हणून तो लढाईत घोडा जपतो आणि प्रसंग पाहून धनीही बदलू शकतो. बारगिराचा घोडा पागेचा, त्याची चंदी पागेची, त्याच्या नालांचा हिशेब पागेच्या दप्तरी. पागा म्हणजे, थोडक्यात, ज्या घोड्यांची मालकी राज्याकडे आहे अशा घोड्यांचे ठाणे, पथक आणि हिशेब या तिहींची मिळून झालेली संस्था. तबेला हा तिचा केवळ दृश्य भाग. एखाद्या कचेरीस ‘टेबल-खुर्च्यांची खोली’ म्हणावे तसे पागेस ‘स्टेबल’ म्हणणे होय. हे आपणा सरकारी नोकरांस तरी विस्ताराने पटवून देण्याची गरज नसावी.

त्याच महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील लष्करी अंमलदारांस गेलेले १६७३-७४ च्या सुमाराचे पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, या तत्त्वासाठी ते नेहमी उद्धृत होते आणि ते योग्यच आहे. पण त्या पत्राचा आरंभ पागेच्या दाण्यागोट्यापासून होतो, हे सहसा कोणी सांगत नाही. दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी पागेकरिता जो दाणा व सामग्री साठविली होती, ती लष्कराच्या मुक्कामामुळे बरीचशी खर्च झाली. आता उरलेली वैरण पुरवून खर्चिली नाही तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, आणि मग शिपाई कुणब्यांच्या घरात शिरतील, असा तो हिशेब आहे. रात्री दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीस आग लागेल, इतक्या बारीक गोष्टीची तेथे ताकीद आहे. रयतेच्या रक्षणाचा उपदेश आणि पागेच्या वैरणीचा हिशेब ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. पहिली दुसरीवर उभी आहे. पागा म्हणजे नुसता तबेला असे समजून वाचणाऱ्याच्या हाती पत्रातील नीती लागते, त्या नीतीचा पाया लागत नाही.

येथे एक प्रश्न उरतो. पागेत घोडे येत कोठून? आणि पैदाशीचा अर्थ पागेस चिकटला तो कसा?

दक्षिण देशी घोडा हा मुख्यतः विकत घेण्याचा माल होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस पांड्य देशात आलेल्या मार्को पोलोने लिहून ठेवले आहे की येथील राजे दरसाल हजारो घोडे समुद्रमार्गे आणवितात, आणि निगा राखणारे जाणते लोक नसल्यामुळे त्यांतील बहुतेक वर्षाच्या आत मरतात. या मुलखातील भक्तिकथेतही तो व्यापार उमटला आहे. पांड्य राजाचा प्रधान माणिक्कवाचकर घोडे खरेदी करण्यास निघतो, वाटेत सारे द्रव्य शिवकार्यी वेचतो, आणि त्याच्यासाठी शंकर कोल्ह्यांचे घोडे करून राजाच्या पदरी आणून देतो. रात्र होताच त्यांची पुन्हा कोल्ही होतात. कथेतील चमत्कार बाजूस ठेवला तरी राजाच्या खजिन्यातील केवढा पैसा घोड्यांवर जात असे हे तीत स्वच्छ दिसते. कौटिल्याने अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्यांची नोंद त्यांच्या प्राप्तीप्रमाणे करावयास सांगितली आहे : भेट आलेले, विकत घेतलेले, युद्धात मिळालेले, घरच्याच शाळेत जन्मलेले इत्यादि. घरी जन्मलेल्यास त्याने ‘आजात’ असा शब्द दिला आहे आणि व्यालेल्या घोडीस तीन रात्री तूप पाजण्यासही सांगितले आहे. शास्त्र होते, पण दक्षिणेत शास्त्राहून व्यापार बलवत्तर ठरला.

महाराष्ट्रात मात्र भीमा, नीरा आणि माण या नद्यांच्या थड्यांवर घोडी पाळण्याची एक घरगुती परंपरा वाढली. भीमथडी तट्टू त्या मातीचे. अंगाने लहान, खाण्यास थोडे, चालण्यास चिवट आणि डोंगराची सवय असलेले. त्याची पैदास पाटलाच्या, शिलेदाराच्या, धनगराच्या दारी होत असे. तिच्यासाठी वेगळे ठिकाण नव्हते, म्हणून वेगळा शब्दही नव्हता. भाषा उगाच शब्द घडवीत नाही. जे काम दारी होते त्यास ‘दार’ पुरते. मराठीत घोडेपैदाशीच्या जागेस जुना स्वतंत्र शब्द सापडत नाही याचे कारण मला हेच दिसते. हे दारिद्र्य शब्दाचे नाही. ती व्यवस्थेची खूण आहे. पेशवाईनंतर मागणी आटली आणि ही परंपराही खालावली. अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झाली, ही समाधानाची गोष्ट.

पैदाशीस संस्थेचे रूप दिले ते कंपनी सरकारने. बंगालच्या लष्करासाठी बिहारातील पूसा येथे घोड्यांचे केंद्र होते आणि १८०८ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट हा पशुवैद्य त्याचा प्रमुख म्हणून आला. मद्रास इलाख्यात होसूरनजीक १८२४ मध्ये लष्करी घोड्यांसाठी असेच केंद्र निघाले. पुढे त्याचे पशुपालन केंद्र झाले. मुंबई सरकारने पेशवाई बुडाल्यानंतर काही वर्षांनी पुणे जिल्ह्यात, भीमेच्या खोऱ्यात, आलेगाव येथे घोडेपैदाशीचे केंद्र काढले आणि पुढे ते बंदही झाले. शिरूर तालुक्यातील त्या गावाचे नाव आजही ‘आलेगाव पागा’ असे लिहिले जाते. सरकारच्या कागदी ‘स्टड’ हा शब्द होता, गावाच्या नावात पागा आहे. ज्या घोड्यांचा धनी सरकार ते ठाणे पागा, हा जुना अर्थ ध्यानी घेतला तर यात काहीच विसंगत नाही. मालक बदलला, काम बदलले, तरी सरकारी मालकीचे तत्त्व तेच होते. पागेस पैदाशीचा अर्थ येतो तो या बाजूने, आणि तो मूळ अर्थ नव्हे.

या विवेचनावरून आपल्या वाङ्मयीन व्यवहाराविषयी काही बोलणे प्राप्त आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत पागा वारंवार येते, पण ती बहुधा ध्वनीसाठी येते. रात्र पडते, पागेत घोडी फुरफुरतात, कोणी स्वार खोगीर चढवितो आणि अंधारात नाहीसा होतो. तेथे पागेऐवजी तबेला म्हटले तरी काही बिघडत नाही, आणि हीच त्या लेखनावरील टीका होय. जो शब्द बदलला असता काही बिघडत नाही तो अलंकार म्हणून आला आहे, अर्थ म्हणून नाही. शिलेदारास पागेखाली आणले तेव्हा त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल? पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या घोडीवर चाकरी करणाऱ्या मनुष्यास सरकारी घोड्यावरच्या बारगिराशेजारी, त्याच्याच हवालदाराच्या नजरेखाली उभे राहावे लागले, यात एका स्वतंत्र कादंबरीचे बीज आहे. स्वातंत्र्य आणि सुरक्षितता यांतील निवड त्या काळी घोड्याच्या मालकीवरून होत होती. आपल्या कादंबरीकारांनी तलवारीचा खणखणाट पुष्कळ ऐकविला. नालबंदाचा हिशेब फारसा ऐकविला नाही.

अनुवादकांचा दोष याहून गंभीर, कारण परभाषी वाचक त्यांच्यावरच विसंबून असतो. पागेस ‘स्टेबल’ म्हटले की सभासदाचे ते महत्त्वाचे वाक्य निरर्थक होते. शिलेदारांस तबेल्याच्या ताब्यात ठेविले, असा काहीसा हास्यास्पद अर्थ निघतो. ‘स्टड’ म्हटले की त्याहून वाईट. वाचकास वाटते की मराठे मोठमोठी पैदास-केंद्रे चालवीत होते. अशा ठिकाणी ‘पागा’ हाच शब्द ठेवावा आणि एकदा त्याचा अर्थ सांगून मोकळे व्हावे. उलट आजच्या घोडेपैदास केंद्रास मराठीत ‘पागा’ म्हणण्याचा उत्साहही आवरावा. ‘घोडेपैदास केंद्र’ हे नाव रुक्ष खरे, पण ते खोटे बोलत नाही.

कोशकारांविषयी कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. मोल्सवर्थने पागेचा घोडदळाचे पथक हा अर्थ नोंदला, माधवराव पटवर्धनांनी आपल्या १९२५ च्या फार्शी-मराठी कोशाने अशा शब्दांची मुळे मराठी वाचकापुढे ठेविली, य. न. केळकरांच्या ऐतिहासिक शब्दकोशाने बखरी-पत्रांतील शब्दांस एक घर दिले. तरीही शब्दाचा अर्थ कोणत्या शतकात कोणता होता, हे सनावार उताऱ्यांनिशी दाखविणारा कोश शिवकालीन व पेशवेकालीन मराठीस हवा आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने सुमारे १४०० राजकीय शब्दांस संस्कृत पर्याय दिले. त्या खटपटीतूनही पागा, बारगीर, शिलेदार हे शब्द बोलण्यात आणि लिहिण्यात टिकलेच. जे शब्द राजाच्या इच्छेपुढेही वाकले नाहीत, त्यांचा इतिहास लिहिला जाण्यास ते पात्र आहेत.

चेन्नईत राहणाऱ्या वाचकास या कामी एक विशेष सोय आहे. तंजावर दूर नाही. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ मध्ये नकुलाच्या नावे असलेले ‘अश्वशास्त्रम्’ चित्रांसह प्रसिद्ध केले. मराठी राजांच्या या संग्रहात घोड्यास किती मान होता हे त्यावरून कळते. तंजावरचे मोडी कागद तर वाचकांची वाट पाहत आहेत, आणि मोडी वाचणारे मराठी डोळे या प्रांती दिवसेंदिवस विरळ होत चालले आहेत. ज्यास सवड आहे त्याने मोडी शिकावी आणि एखादे दप्तर तरी उलगडावे. त्यात ‘पागा’ ही दोन अक्षरे आढळली म्हणजे घाईने पुढे न जाता तीन प्रश्न विचारावेत : घोडा कोणाचा, चंदी कोणाची, हिशेब कोणी लिहिला? या तिहींची उत्तरे मिळाली की ते राज्य कसे चालत होते याचे निम्मे उत्तर हाती आलेच म्हणून समजावे.